साहेबांचा ठणठणीत होकार

अधिवेशन संपलं की आमदारसाहेब नाट्यगृहात सभा घ्यायचे आणि सभागृहात आपण काय दिवे लावले ते लोकांना सांगायचे. प्रश्न विचारायची पूर्ण मुभा होती. फक्त विचारणाऱ्याला नंतर बाहेर पैलवान भेटायचा.

पैलवान साहेबांचा अंगरक्षक. कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा त्याने धाकट्या भावाला स्वतः बाहेर ओढलं होतं. भावाची कातडी त्याच्या तळव्यांना चिकटून आली होती. भाऊ वाचला नाही. साहेब पैलवानाच्या गळ्यात पडून रडले होते. "बॉयलरची तपासणी बंद करू नका म्हणून सभागृहात घसा कोरडा केला रे मी," म्हणाले होते. तेव्हापासून साहेबांसाठी दात पाडायला पैलवान एका पायावर तयार असायचा.

आज एक निवृत्त मास्तर उभे राहिले. "साहेब, सभागृहाचं चित्रीकरण सगळ्यांसाठी खुलं असतं. बघू या की!" नाट्यगृहाचे माइक आणि पडदा सांभाळणाऱ्या मास्तरांच्या लेकीने ते सुरूही केलं.

साहेबांनी नुसती भुवई उडवली. पैलवानाने मास्तरांना उचलून खुर्चीवर आपटलं. तोंडावर बूट घातला. बोटं उलटी वळवून मोडली. मग तीच खुर्ची पडद्यावर भिरकावली आणि प्रोजेक्टर लाथेने फोडला, आणि परत येऊन मास्तरांची कॉलर धरली. चित्र गेलं म्हणजे विषय संपला, असं त्या शहाण्याला वाटलं. आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होता, तो चालूच राहिला.

चित्रीकरण स्फोटाच्या आधीच्या अधिवेशनातलं होतं; बॉयलरची सक्तीची तपासणी रद्द करायच्या प्रस्तावावर मतदान चाललं होतं. सभापती एकेकाचं नाव पुकारत होते. साहेबांचं नाव आलं.

"होय," साहेब म्हणाले. आवाज ठणठणीत होता, घसा अजिबात कोरडा नव्हता.

मास्तरांची कॉलर पैलवानाच्या मुठीतून सुटली.

"पुन्हा लाव," तो लेकीवर ओरडला. तिने लावलं.

"होय."

पैलवान व्यासपीठावर चढला.

"अरे, पक्षाचा आदेश होता बाबा, माझा नाइलाज—"

पहिल्याच ठोशात साहेबांचं नाक फुटलं. मग मानगूट धरून त्याने त्यांचं तोंड टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. माणसं दाराकडे पळत सुटली, सोडवायला एकही पुढे झाला नाही. पैलवानाने रक्ताळलेल्या ओठांपुढे माइक ओढला.

"तपासणी बंद करायची? होय का नाही?"

"ना... नाही." शब्दाबरोबर दातही बाहेर पडला.

"हे तिथं बोलायचं होतं," पैलवान हुंदके देत म्हणाला आणि त्याने पुन्हा मूठ उगारली.