घरच्या गोष्टी नकोत

त्या गुरुवारी दुपारी मर्ना ओव्हनमध्ये स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे मऊ पाव, भाजत होती. वॅरिंडाच्या गावहॉलात सभा असली की बायकांनी घरून खायच्या पदार्थाचं एकेक ताट न्यायचं, असा तिथला रिवाज. विषय कोणताही असो, ताट चुकत नाही. आजचा विषय मर्ना स्वतःच होती, तरी थेल्माने फोनवर बजावलं होतं, "स्कोन तूच आण बाई, बाकीच्यांचे दगड होतात."

सरकारने घरोघर पाकिटं धाडली होती. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसात लग्न करू द्यायचं का? हो किंवा नाहीवर खूण करून टपालात टाका. मर्ना आणि डॉट एकत्र राहू लागून एकतीस वर्षं झाली होती. डॉट आता इस्पितळात होती आणि तिला नाताळ दिसेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. जाण्याआधी तिला मर्नाशी लग्न करायचं होतं. एवढंच मागणं, आणि त्याला साऱ्या देशाची परवानगी लागत होती.

सभेची अध्यक्ष थेल्माच. "दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं. सभ्यपणे बोलायचं, आणि घरच्या गोष्टी मध्ये आणायच्या नाहीत," तिने सांगितलं.

आधी नगरसेवक क्लाइव्ह प्रॉसर उठले. लग्न पवित्र असतं, म्हणाले. त्यांचं तिसरं लग्न याच हॉलात झालं होतं आणि केक मर्नाने केला होता. "काल माझा नातू विचारतो, 'आजोबा, मला दोन आया असत्या तर?' घास अडकला हो घशात. माझं कुणाशी वाकडं नाही. पण लेकरांचा विचार करा."

लोकांनी माना डोलावल्या. नातवाची गोष्ट घरची आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावताना आपली सभ्यता कधी आड येत नाही. त्या घरातलं माणूस तोंड उघडू लागलं की मात्र लगेच येते.

मर्ना उठली. हातातला कागद तिने उलगडला. थांबत-अडखळत तिने सुरुवात केली. "माझी डॉट चार नंबरच्या वॉर्डात आहे. परवा नर्सने मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं..."

थेल्माने घंटी वाजवली. "मर्ना, अगं, घरचं नको काढूस. मुद्द्यावर ये."

"हाच मुद्दा आहे, थेल्मा."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

"मग क्लाइव्हचा नातू?"

"ते उदाहरण होतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "चिडतेस कशाला? चर्चाच तर चाललीय." मर्ना चिडली नव्हती. पण आता काहीही बोलली असती तरी चिडकीच ठरली असती. या गावात तिने एकतीस वर्षं काढली ती तमाशा न करण्याच्या जोरावर. तीच सवय आज नडली. तिने कागदाची घडी घातली आणि खाली बसली.

चहाच्या वेळी क्लाइव्ह दुसरा स्कोन उचलत म्हणाले, "झकास झालेत. डॉटला सांग, आठवण काढली म्हणून." ते मनापासून बोलत होते, हेच मर्नाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉटने विचारलं, "किती बोलू दिलं?"

"दीड मिनिट असेल."

"मग उरलेलं मला ऐकव."

मर्नाने चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि कागद मांडीवर ठेवला.

"राहू दे," डॉट म्हणाली. "मला पाठ आहे."

सभेनंतर बाराव्या दिवशी डॉट गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर निकाल लागला. देशाने 'हो' म्हटलं, वॅरिंडानेही म्हटलं. संध्याकाळी थेल्मा दारात आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"डॉट असायला हवी होती गं. पण एक समाधान आहे, मर्ना. आपल्या गावाने दोन्ही बाजूंना सारखी संधी दिली."

"हो," मर्ना म्हणाली, आणि तिला बसायला खुर्ची दिली.

त्या दिवशी हॉलात साठेक माणसं होती. "तिला बोलू द्या" असं त्यांतल्या एकानेही म्हटलं नाही. आणि त्यांतले निम्म्याहून अधिक सभेला येण्याआधीच 'हो'वर खूण करून, पाकीट टपालात टाकून आले होते.