मांडणीवरच्या बांगड्या

सरिताच्या अंगणवाडीत खिचडी शिजेपर्यंत पोरं घर-घर खेळत. विटांची चूल, डबड्यांची भांडी, आणि बाप कोणी व्हायचं यावरून रोजचं भांडण. आई व्हायला मात्र कोणी भांडत नसे. पोरं काही खुळी नसतात.

त्या दिवशी आई झाली रेणू, सरिताची स्वतःची लेक, पाच वर्षांची. बाप झाला अश्वजित. तुराटीची काठी हातात घेऊन तो झोकांड्या देत आला आणि ओरडला, "काहून वं, सयपाक नाई झाला अजून?"

सरिता तांदूळ निवडता निवडता हसली. पोरं कुठून काय उचलतात, कोण जाणे!

तुराटी वर गेली. रेणू म्हणाली, "थांब." तिने हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या, विटेवर ठेवल्या आणि डोकं दोन्ही हातांत घालून खाली बसली. "हां, आता मार."

सरिताच्या हातातलं सूप तसंच राहिलं. नवरा, सतीश, पिऊन आला की ती हेच करायची. दारात त्याची मोटारसायकल वाजली की बांगड्या काढून भांड्यांच्या मांडणीवर ठेवायच्या. मारात काच फुटली तर आवाज होईल, पलीकडे निजलेली लेक जागी होईल. मालेगावचा भाऊ कधीचा म्हणत होता, पोरीला घेऊन इकडे ये. तिचं एकच उत्तर असे, "पोरीले काई माईत नाई. तिचा बाप कायले तोडू?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला बजावत आली होती. ती मूठ भर अंगणवाडीत उघडी पडली.

आता कोणीतरी विचारेल, बांगड्या कायले काढल्या, या धास्तीने तिने पोरांकडे पाहिलं. एकानेही विचारलं नाही. अश्वजित तर शेवटची बांगडी निघेपर्यंत तुराटी उगारून मुकाट थांबला होता. बाजूची रूपा म्हणाली, "माही आई पयले दार लावते." मागून कोणी म्हणालं, "आमची आजी टीवी मोठा करते." कोणाच्या घरी खिचडीत काय घालतात, हेच जणू पोरं सांगत होती.

"घरोघरी मातीच्या चुली, बाई," मदतनीस गोमतीबाई म्हणाली आणि खिचडी ढवळत राहिली. सरिताला तिचा संताप आला. ही म्हण गावाने इतकी वापरली की त्या चुलीत कोण जळतंय, ते बघायचंच राहून गेलं.

संध्याकाळी घरी तिने रेणूला मांडीवर घेतलं. "बांगड्यांचं तुले कोनं सांगतलं, माय?"

"कोनीच नाई."

"मंग? तू त निजेल असते."

"निजेलच असते. मांडणीवर बांगड्या वाजल्या का जाग येते. मंग डोये गच्च मिटून घेते."

लेक जागी होऊ नये म्हणून सरिता ज्या बांगड्या इतक्या हळू ठेवायची, त्याच तिला रोज उठवत होत्या. सरिताला रडू आवरेना. सकाळच्या पहिल्या एसटीने भावाकडे जायचं, हे तिने तिथेच ठरवलं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल वाजली. सरिताचा हात सवयीने मनगटावर गेला. तिने तो आवरला. एकही बांगडी वाजली नाही.

मांडीवरच्या रेणूने डोळे आधीच गच्च मिटले होते.