बोळकी एकदोनतीन

कवळ्या बनवायच्या त्या कारखान्यात घासायचं मशीन सुरू झालं की असा काही कल्ला व्हायचा, की गल्लीतल्या मांजरांनी म्याव करणं कधीच सोडलं होतं. नुसती तोंडं हलवायची बिचारी. आतली माणसं मात्र ओरडून बोलायची. सगळ्यात वरचा आवाज मालकाचा.

हा मालक म्हणजे आत्याचा भाचा. कारखाना आत्याने आणि तिच्या भावाने उभा केलेला. भाऊ गेला, त्याची खुर्ची भाच्याकडे आली, आत्याकडे दाराजवळचा फोन राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्या पारखून आत्याला स्वतःसाठी एकही पसंत पडली नव्हती. तिचं ते मोकळं तोंड बघूनच भाच्याने कॉम्प्युटरचा पासवर्ड ठेवला होता, बोळकी एकदोनतीन. सगळे खो खो हसले होते. आत्याही हसली होती, तोंड मिटून.

एका सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पडदा लालभडक. गिऱ्हाइकांच्या जबड्यांची सगळी मापं कुणीतरी कुलपात घातली होती, आणि परत हवी असतील तर आमच्याशी बोला, असं वर उद्धटपणे लिहिलं होतं. कॉम्प्युटरवाली बाई आली, बराच वेळ खुडबुड केली आणि म्हणाली की यात फोडाफोडी काही नाही, चोर सरळ पासवर्ड टाकून आत आलाय. पासवर्ड दिला कुणी?

भाच्याने मशीन चालू ठेवूनच आत्याकडे बोट केलं. काल मशीन कंपनीचा म्हणून फोन आला होता, तो हिनेच घेतला, वय झालं आता, उद्यापासून घरी बसू दे, फोन दुसरं कुणीतरी बघेल. हे सगळं तो साऱ्या कामगारांसमोर ओरडून बोलला.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर गेला मजेत, आणि संन्याशाला सुळी? ज्या खोलीत तिने हातांची सालपटं निघेपर्यंत दात घासले, त्या खोलीतून तिला हाकलणार, तेही विचारपूस न करता? ती भांडली मात्र नाही. भाचेसुनेकडे वळून म्हणाली, "कालचा फोन लाव गं."

दातांच्या रंगावरून गिऱ्हाइकं मागाहून हुज्जत घालायची, म्हणून तिथे प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा. भाच्याला नेमका त्याचाच विसर पडला होता. भाचेसुनेने आवाज मोठा केला. आधी एक गोडबोल्या माणूस, मी इथूनच मशीन तपासतो, पासवर्ड तेवढा सांगा, म्हणणारा. मग आत्या, "अरे, कुणी परका पासवर्ड मागतोय. द्यायचा नाही ना?" मग मशीनची घरघर. आणि त्या घरघरीवर चढलेला भाच्याचा आवाज: "रोज रोज काय विसरतेस गं? बोळकी एकदोनतीन!" पाठोपाठ गोडबोल्याचं थँक्यू.

आत्या रोज सकाळी पासवर्ड विसरायची हे खरंच होतं. भाच्याला त्या गोंगाटात 'पासवर्ड' एवढा एकच शब्द ऐकू आला होता, आणि त्याने सवयीने उत्तर ठोकून दिलं होतं. कॉम्प्युटरवालीने कपाळाला हात लावला.

मापं वाचली ती भाचेसुनेमुळे. रोज संध्याकाळी सगळ्याची नक्कल डिस्कवर उतरवून, डिस्क काढून ती पर्समधून घरी न्यायची. सोन्याचं बिस्कीट नेतेस का, म्हणून नवरा चिडवायचा. आता त्याच बिस्किटाकडे तो आशाळभूतपणे बघत होता. कॉम्प्युटर पुसून साफ झाला, मापं परत आली. नवा पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा, आणि तो कुणी कुणाला सांगायचा नाही असं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीआधी भाचा आत्याच्या खुर्चीशी आला आणि मशीनच्या आवाजात काहीतरी पुटपुटला.

आत्या उठली, मशीनचं बटण बंद केलं. बाहेर एक मांजर चक्क म्याव म्हणालं.

"आता बोल. बोट सगळ्यांसमोर केलं होतंस ना?"

भाच्याने खाली बघत म्हटलं, "आत्या, चूक माझी होती. फोन तूच बघायचा."

आत्याने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं रे. वय झालं ना."

त्याने पुन्हा सांगितलं. चांगलं ओरडून.