फळीवरचं वाक्य

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मोंतेविदेओच्या एका नाटकगृहात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेली. माझ्या पोटात प्रॉम्प्टर बसतो आणि नट अडखळला की हळूच शब्द पुरवतो. टाळ्या नटांना मिळतात. सवय झाली आहे, तरी राग येतो तो येतोच.

मित्रांनो, पन्नासेक वर्षांपूर्वी माझ्यात सुलेमा नावाची एकोणीस वर्षांची प्रॉम्प्टर बसायची. आमच्याकडे एक रीत आहे. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही, नाहीतर नाटक पडतं म्हणे. प्रॉम्प्टरच्या वहीतही ती ओळ कोरी ठेवतात. सुलेमाला मात्र धीर नव्हता. तिने ते वाक्य पेन्सिलीने माझ्या आतल्या फळीवर लिहून ठेवलं. पुढे ऐन वेळी थोरली नटी आजारी पडली, तेव्हा सुलेमा केसांना पीठ फासून मुलाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईची भूमिका करायला वर गेली. ती पुन्हा आत आली नाही. सिनेमांनी तिला ब्युनोस आयर्सला नेलं, मेक्सिकोला नेलं. बाहेर तिची पोस्टर्स लागत, मला मात्र कुणी फडकंही मारत नसे.

बहात्तराव्या वर्षी ती त्याच भूमिकेसाठी परत आली. आता पिठाची गरज नव्हती, पण तालमीत तिचे शब्द हरवू लागले.

"सुलेमाबाई, जमणार नसेल तर आत्ताच सांगा," मालक बाल्दोविनो म्हणाला. "दुसरी बाई तयार आहे. आणि प्रयोग झाला की ही पेटी उखडतोय. पहिल्या रांगेला नटांचे पाय दिसत नाहीत."

"पाय बघायला येतात का रे लोक?" ती म्हणाली.

माझ्यात बसणारा ओलेगारिओ 'माते' नावाच्या कडू चहाचा घोट घेत काकुळतीला आला. "बाई, शेवटचं वाक्य कानात तरी सांगा. माझ्या वहीत ती ओळ कोरी आहे."

"तोंड सांभाळ. पन्नास वर्षं पाठ आहे मला ते."

पहिल्या प्रयोगाला नाटक छान रंगलं. शेवटी ती उंबरठ्यापाशी थांबली. ओठ उघडले आणि तसेच राहिले. सभागृहात कुणी खोकलं. ओलेगारिओने शेवटचं पान पुन्हा उलटलं. मला जीभ असती तर मी ओरडले असते.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओलेगारिओकडे नाही, त्याच्या कोपरामागे. शब्द गेले होते, पण ते कुठे ठेवलेत हे तिला आठवत होतं. ओलेगारिओने दिवा तिकडे वळवला आणि फळीवरची पुसट अक्षरं पुटपुटत वाचली.

"दार उघडंच राहू दे," सुलेमा म्हणाली. "तो दमून येईल."

लोक उभे राहिले. मी लाकडाची असूनही हादरले.

सकाळी बाल्दोविनोबरोबर सुतार पहार घेऊन आला, तर सुलेमा गुडघे दुमडून माझ्यात बसलेली. "बाल्दोविनो, आधी मला काढ, मग हिला." सुतार परत गेला.

म्हणून सांगते मित्रांनो, जुनी वस्तू उखडण्याआधी एकदा आत वाकून बघा. आणि मला रंग द्यायचाच असेल, तर बाहेरूनच द्या.