दोरीला लागलेली मुलं

थीम पार्कच्या फाटकातच भुंग्याने सूर लावला. समोर माणसाएवढा ससा दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याचं ते हसू काही केल्या मिटत नव्हतं. अडीच वर्षांचा भुंगा बापाच्या पँटला असा चिकटला, की बापाला पाऊल टाकता येईना. त्याची बहीण ठमी, चार वर्षांची आणि जन्मापासून पोक्त, सशाशी हात मिळवून आली आणि आजीच्या कानात म्हणाली, "त्याचा पंजा गरम आहे."

"असणारच," आजी म्हणाली, पण का असणार, ते तिने सांगितलं नाही. तीही त्या सशाकडेच बघत होती. एवढ्या उन्हात आत बसून माणूस श्वास कुठून घेत असेल?

आजीचा सगळा जन्म बालवाडीत गेला होता. निम्म्या गावाचे शेंबूड तिने पुसले होते. आजही बँकेत गेली की काउंटरमागचा टकलू साहेब उठून "या, बाई" म्हणायचा आणि तिला आठवायचं, हा खडू खायचा.

आज मात्र परीक्षा बाईंचीच होती. लेक सोमवारपासून पुन्हा कामावर रुजू व्हायची होती आणि मुलं पाळणाघरात ठेवायची की आजीकडे, ते अजून ठरत नव्हतं. आजीला मुलं आपल्याकडे हवी होती. इतकी, की तसं बोलून दाखवायचीही तिला भीती वाटायची. विषय निघाला की लेक "बघू" म्हणायची. त्या "बघू"चा अर्थ आजी पुरता ओळखून होती, कारण लेक तो शब्द तिच्याकडूनच शिकली होती.

आत शिरल्यावर प्रत्येक खेळाच्या तोंडाशी उंचीची पट्टी निघाली. भुंगा एकाही पट्टीला पुरेना. ठमी टाचा उंचावून पुरली, पण तिथला माणूस तिच्या टाचांकडेच बघत होता. लेकीने आठवडाभर खपून आखलेला बेत असा पहिल्या तासातच कोलमडला. भुंग्याला त्याचं काही नव्हतं. तो वाटेतल्या गटाराच्या जाळीवर ओणवा होऊन खालून वाहणारं पाणी ऐकत होता.

"एवढ्या लांब येऊन हा गटार बघतोय," लेक म्हणाली.

"माझ्यावर गेलाय," जावई म्हणाला.

आजीने संधी साधली. "तुम्ही दोघं त्या रोलर कोस्टरमध्ये बसून या. मी आहे मुलांपाशी."

"तुला झेपेल, आई?"

"म्हणजे काय? तुला कोणी वाढवलं?"

"मी एकटी होते. आणि बसवशील तिथे बसायचे."

"चल गं," जावई लेकीच्या दंडाला धरून म्हणाला, "लग्न झाल्यापासून आपण दोघं मिळून कधी किंचाळलोच नाही."

लेक हसली, पण जागची हलली नाही. आजीने पिशवीतून दोरी काढली तेव्हा तर तिचं हसूही गेलं. जाडजूड सुती दोरी, तिला हात-हात अंतरावर गाठी. बालवाडीची मुलं बागेत न्यायची ती याच दोरीला धरून.

"आई, गुरं आहेत का ती?"

"गुरांची दोरी गळ्यात असते. ही हातात असते. धरायची की सोडायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"मला तीच तर भीती वाटते," लेक म्हणाली. पण शेवटी गेली. जाताना तीनदा मागे वळून बघितलं.

दोरीचे नियम साधे होते. बाई पुढे, मुलं मागे, एकेकाला एकेक गाठ. रांगेत बोलायचं नाही, गाठ सोडायची नाही. बाईंना मागे बघावं लागत नसे. दोरीच्या ओढीवरून त्यांना कळे, कोण रेंगाळतंय, कोण उड्या मारतंय, कोणाला शू लागलीय. हात अजून विसरला नव्हता. मागे ठमीची सरळ, शिस्तीची ओढ. तिच्यामागे भुंग्याची गुंगत, डोलत येणारी.

चालता चालता आजीचंच कुतूहल जागं झालं. लाकडी घोड्यांच्या चक्राशी एक माणूस ओल्या फडक्याने घोडे पुसत होता आणि प्रत्येकाचे कान आतूनसुद्धा पुसत होता. कानात कोण बोटं घालत असेल? मग तिचं तिलाच हसू आलं. मुलंच, दुसरं कोण. मध्येच दोरी सैल पडली आणि लगेच पुन्हा ताणली गेली. भुंगा वाकून काही उचलत असेल. पुढे दोरी जरा जड वाटायला लागली. वय झालं आपलं, असं म्हणून ती चालत राहिली.

पाण्याच्या नळाशी ती थांबली आणि वळली.

पहिल्या गाठीला ठमी होती. दुसरीला पिवळ्या शर्टातला एक परका मुलगा. त्याच्यामागे दोन शेंड्यांची एक मुलगी अंगठा चोखत उभी, आणि तिच्यामागे फुगा घेतलेलं आणखी एक पोर. भुंगा नव्हता.

"ही कोण?" आजीने विचारलं.

"मला काय माहीत? गाठी रिकाम्या होत्या, म्हणून आली," ठमी म्हणाली. "आमच्या शाळेतपण अशीच दोरी आहे. सगळ्यांच्याच असते."

"आणि भुंगा?"

"तो मगाशीच सुटला. रांगेत बोलायचं नाही ना, म्हणून मी बोलले नाही."

तिला रागवणार तरी काय? आजीने चहूकडे पाहिलं. पाठी, पिशव्या, टोप्या. हाक मारली, तर गर्दीत ती तिची तिलाच ऐकू आली नाही. मग बालवाडीतल्या सवयीने ती सगळ्यांना म्हणाली, "खाली बसा. गाठ धरून." परकी मुलंसुद्धा मुकाट बसली. गुडघ्यांना शिव्या देत तीही त्यांच्या शेजारी बसली आणि भुंग्याच्या उंचीवरून बघायला लागली.

इथून हे पार्कच वेगळं होतं. खेळ दिसतच नव्हते. गाड्यांची चाकं, बाकांचे पाय, कचऱ्याच्या डब्याची चकचकीत कड. आणि समोरच्या झुडपांच्या कुंपणात, अगदी बुडाशी, एक भोक. भोकापलीकडे केसाळ पांढरा पाय.

ठमीला गाठ न सोडता तिथेच बसायला बजावून आजी कुंपणाला वळसा घालून गेली. मागे एका खोक्यावर ससा बसला होता. मानेच्या वर मात्र बाई होती, लेकीच्याच वयाची, केस कपाळाला चिकटलेले, घटाघटा पाणी पीत असलेली. सशाचं डोकं जमिनीवर होतं आणि त्यात भुंगा खांद्यांपर्यंत शिरला होता.

"आत पंखा आहे," डोक्यातून घुमत आवाज आला.

"तुमचा का हा?" बाईने विचारलं. "आला आणि म्हणाला, ससा कुठे गेला."

"मग काय सांगितलंत?"

"सुट्टीवर गेलाय म्हटलं. मावशी, कोणाला बोलू नका हं. आम्हाला डोकं काढायची परवानगी नाही."

आजीने भुंग्याला बाहेर ओढून काढलं आणि छातीशी धरलं. सकाळी ज्याच्या भीतीने तो बापाच्या पँटला चिकटला होता, त्याच्याच मागे तो आपल्या पायांनी आला होता. आजी परत आली तेव्हा नळाशी दोन-तीन घाबरेघुबरे आईबाप आपापली पोरं दोरीवरून उतरवून घेत होते, आणि विस्कटलेल्या केसांनी लेक समोरून येत होती.

भुंगा कडेवर होता. गप्प बसता आलं असतं. पण ठमीने तोंड उघडायच्या आत आजीच म्हणाली, "भुंगा सुटला होता. मला कळलंच नाही. त्याच्या गाठीला दुसरंच पोर लागलं आणि मी ओढीवर विसंबून राहिले."

"किती वेळ?"

"तेच तर माहीत नाही."

लेकीने भुंग्याला घेतलं आणि गाडीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. जावयाने रोलर कोस्टरचा विषय काढून पाहिला आणि सोडून दिला. आजी खिडकीबाहेर बघत राहिली. पाळणाघर, आता काय.

गाडी रस्त्याला लागल्यावर लेकीने विचारलं, "सापडला कसा पण?"

"खाली बसले. तिथून दिसला."

लेकीने मान वळवून आईकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात भुंगा म्हणाला, "ससा घरी जातो तेव्हा डोकं कुठे ठेवतो?"

"खुंटीला," जावई म्हणाला.

"पलंगाखाली," ठमी म्हणाली. "खुंटीने कान दुखतील."

"पंखा बंद करतो?" भुंग्याने विचारलं. "कोण बंद करतं?"

लेकीने सुस्कारा सोडला. "सकाळी पाळणाघर. दुपारी तू आणायचंस त्यांना, आई. हात धरून, दोरी नाही. आणि ह्याच्या असल्या प्रश्नांसाठी मला ऑफिसात फोन करायचा नाही."

"मला कुठे येतात गं उत्तरं?"

"मग बसा दोघं शोधत," लेक म्हणाली.