तीन ठिपक्यांनंतरचा नवरा

सोनुनबूबू आपांची सून कनिशाय बिश्केकहून लग्न होऊन अत-बाशीला आली, ती हुंड्याच्या रजयांबरोबर एक लॅपटॉपही घेऊन आली. तेव्हा आम्ही चौघीजणी आपांच्या अंगणात बसून शिरडाक शिवायचो. लोकर दाबून केलेल्या नमद्याचे रंगीत तुकडे एकात एक बसवत एक गालिचा पुरा करायला अख्खा हिवाळा जायचा, आणि उन्हाळ्यात कुणीतरी व्यापारी येऊन तो पडत्या भावानं उचलून न्यायचा.

"असं किती दिवस चालायचं, आपा?" कनिशाय सासूला म्हणाली. "आपण आपलं दुकान ऑनलाइन काढू."

तिनं सगळ्या शिरडाकांचे फोटो काढले. मग म्हणाली, "आता प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या. कोणी केला, कसा केला."

"मी सांगते, तू लिही," आपा म्हणाल्या.

आम्ही तिघींनी माना खाली घातल्या आणि ओठ दाबून हसलो. आपांना कुणी मीठ मागितलं तर त्या आधी मिठाच्या डोंगराची गोष्ट सांगतात. पण नव्या सुनेनं सासूला थांबवायचं कसं? ती बिचारी टाइप करत राहिली. कुठल्या शिरडाकाची लोकर कोणत्या मेंढीची, ती मेंढी किती द्वाड होती, शिवणारीचं माहेर कुठलं, सगळं त्यात आलं. शेवटी कनिशाय दमली आणि होतं तसं सगळं दुकानात चढवून झोपायला गेली.

त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. पहिल्या पानावर सगळे शिरडाक एकाखाली एक दिसायचे, आणि तिथं एवढा मजकूर मावणार नाही म्हणून ते ठरावीक अक्षरं झाली की वाक्य कचकन छाटायचं. पुढे तीन ठिपके. उरलेलं वाचायचं असेल तर फोटोवर बोट टेकायचं. आपल्या भाषेत क्रियापद असतं शेवटी. त्यामुळे कुणी काय केलं तेच नेमकं ठिपक्यांत जायचं. हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रविवारी आमच्यातल्या बुरुलचा नवरा जुमादिल मेंढा विकायला गुरांच्या बाजारात गेला. दुपारी परत आला तो मेंढ्यासकट. टोपी हातात, चेहरा बीटासारखा लाल. तडक आपांच्या अंगणात.

"बुरुल! काय सांगितलंस गं माझ्याबद्दल?"

"अहो, झालं तरी काय?"

"अख्खा बाजार विचारतोय! 'जुमादिल, बायकोनं काय केलं रे तुला? लागलं का फार?' कसाई तर माझ्या पाठीवरून हात फिरवून गेला. मेंढ्याचा भाव कुणी विचारेना, माझीच विचारपूस!"

कनिशायनं घाईघाईनं फोन उघडला. बुरुलच्या लाल-काळ्या शिरडाकाखाली लिहिलं होतं: 'हा गालिचा बुरुलनं केला. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी रागाच्या भरात तिनं आपल्या नवऱ्याला…'

माझ्या हातातली सुई गळून पडली. बुरुलनं पदरासारखा डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. ती रडतेय असं मला वाटलं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"पुढचं वाच," आपा शांतपणे म्हणाल्या. "मी काही एवढ्यावर थांबले नव्हते."

कनिशायनं फोटोवर बोट टेकलं आणि मोठ्यानं वाचलं, "'…सांगितलं, की नुसता शेगडीजवळ बसून राहू नकोस, माझा नमदा तरी तुडव. तो उठला. त्यानं कढईभर पाणी तापवलं, लोकर चटईत गुंडाळली आणि दिवसभर पायांनी लाटली. खरं सांगते, एवढा घट्ट नमदा मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही. यावर घोडे नाचवले तरी धागा सुटायचा नाही. जुमादिलला विचाराल तर तो नाही म्हणेल. पुरुष आहे, लाजतो.'"

मेंढा तेवढा ओरडला.

जुमादिलनं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "घट्ट झालाय खरा," तो पुटपुटला. मग एकदम चिडून म्हणाला, "मग हे ठिपक्यांच्या आधी का नाही घातलं? बाजारात वाचणारे ठिपक्यांपर्यंतच वाचतात!"

"आके, चूक माझी," कनिशाय थोरल्या भावाशी बोलावं तशी कानकोंडी होऊन म्हणाली. "ते छाटणं बंद करता येतं. कसं ते शोधते."

ते सापडून छाटणं बंद होईपर्यंत तीनेक आठवडे गेले. आता आपांचं सगळं बोलणं पहिल्याच पानावर अखंड वाहू लागलं. एका शिरडाकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला बोटानं इतकं ढकलावं लागायचं की घाट उतरल्यासारखं वाटायचं. त्याआधी दिवसाला कितीतरी लोक 'पुढे काय झालं' म्हणून आत डोकावत होते, फोन करत होते. आता फोन मुका झाला. कनिशायचं तोंड उतरलं. आपा म्हणाल्या, "माझं बोलणं लांबतं गं. तू आपली दोन ओळींत उरक," आणि पहिल्यांदाच गप्प बसून शिवू लागल्या. आपा गप्प म्हणजे अंगण ओसाड. आम्हा कुणाला ते बघवेना.

पुढच्या रविवारी जुमादिल पुन्हा दारात उभा. या खेपेला चेहरा पडलेला.

"सूनबाई, ते ठिपके परत घाल."

"का हो आके? पुन्हा लोक हसतील."

"हसू देत. गेल्या रविवारपर्यंत मी बाजारात शिरलो की माणसं गोळा व्हायची. मी पुढची गोष्ट सांगायचो, नमदा कसा लाटला ते पाय आपटून दाखवायचो. कसाई चहा पाजायचा. आता सगळं तिथंच लिहिलंय म्हटल्यावर मला कोण विचारतंय?"

"म्हणजे बाजारात तुम्ही फुशारकी मारत होतात?" बुरुल कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि घरी माझ्यावर तोफ!"

आपा इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

कनिशायनं ठिपके परत आणले. शिवाय त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय तिला सापडली. मजकुरात आपण खूण केली की ते बरोबर तिथंच छाटायचं. हे कळल्यावर आपा पुन्हा खुलल्या. सांगता सांगता मध्येच बोट वर करून म्हणायच्या, "थांब, इथं काप!" मग आमच्यात भांडणं लागली. "आपा, माझ्या शिरडाकाला सासूवर कापा!" "माझ्याला चोरावर कापा!" चोर म्हणजे माझ्या लोकरीचा गुंडा पळवणारं मांजर होतं. तो शिरडाक दोन दिवसांत गेला.

उन्हाळा सरता सरता तोकमोकहून एक जोडपं गाडी घेऊन आलं. बाई ठसठशीत, नवरा सडपातळ, इस्त्रीच्या पँटमधला. बाईनं उतरल्या उतरल्या विचारलं, "तो ठिपक्यांनंतरचा नवरा कुठंय?"

जुमादिल विजार वर खोचून अंगणात नमदा लाटत होता. हल्ली लाटायच्या दिवशी त्याला बोलवावं लागत नाही. तो छाती काढून पुढे झाला. बाईनं त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि आपल्या नवऱ्याकडे वळली. "बघ, असाही असतो माणूस. काढ बूट."

"अगं, आपण गालिचा घ्यायला आलोय ना?"

"घेऊ की. आधी कसा होतो ते कळू दे."

बिचारा बूट काढून चटईवर उभा राहिला. जुमादिलनं त्याचा दंड धरला, ताल दाखवला, आणि दोघं पाय आपटत गुंडाळी पुढे ढकलू लागले. चार फेऱ्यांत पाहुण्याच्या कपाळावर घाम आला, आठव्या फेरीला तो चक्क गाऊ लागला. आपांनी तळलेल्या गरम बोरसोकांची परात बाहेर आणली. मी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे, वाडगे भरले.

बाई बुरुलला खेटून बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा, एवढा लाटलेला पुरतो की अजून घट्ट लागतो?"

बुरुलनं नमद्यावर बोट दाबून पाहिलं. नमदा केव्हाच झाला होता.

"अजून तासभर तरी," ती म्हणाली.