हुकूम परत म्हणताना

चौकशी समितीच्या बाई घरी आल्या तेव्हा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मरून वीस वर्षं झालेल्या माणसाची आता कसली डोंबलाची चौकशी? सेनापती साहेबांनी युद्ध जिंकून दिलं, चौकात त्यांचा पुतळा आहे, विषय संपला. पण बाबा म्हणाले, "येऊ दे त्यांना. मला सांगायचंय."

युद्धात बाबा साहेबांच्या कचेरीत टेलिफोनवर होते. आतोबाही येऊन बसले. आत्या युद्धात नदीवरचा पूल उडाला त्यात गेली, तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात. पूल शत्रूने उडवला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. साहेबांनी शत्रूला पाणी पाजलं, म्हणून आतोबा दरवर्षी त्या तारखेला पुतळ्यापाशी फुलं ठेवून येतात.

बाईंनी रेकॉर्डर लावला. बाबा सामानाची यादी वाचावी तसे बोलायला लागले.

"साहेबांचा फोन आला, पूल उडवा. मी म्हटलं, पुलावर आपली माणसं आहेत, पलीकडून जीव घेऊन येतायत. ते म्हणाले, उडवा. शत्रू तासाभरावर होता. पूल राहिला असता तर शहर गेलं असतं, हेही लिहा."

आतोबांकडे बघायची माझी छाती झाली नाही. गार झालेला चहा उगाच ढवळत बसले.

"हुकूम परत म्हणून दाखवायचा असतो," बाबा म्हणाले. "काही चुकलं असेल तर देणाऱ्याला सुधारता यावं म्हणून. मी मुद्दाम सावकाश म्हटलं, पुलावर आपली माणसं आहेत, तरी पूल उडवायचा. आणि थांबलो. साहेब म्हणाले, बरोबर. मग मी पुढे पुलावरच्या तुकडीला फोन लावला."

"ती पुलावर आहे, हे तुला ठाऊक होतं?" आतोबांनी विचारलं.

"निघाल्याचा निरोप सकाळीच आला होता, दाजी."

मला संताप यायला हवा होता. एरवी मी मिठावरूनही घर डोक्यावर घेते. पण आत काही हललंच नाही. चाळीस वर्षं या दोघांना मी शेजारी शेजारी जेवायला वाढलंय.

"मग हुकूम परत एकदाच का म्हटलास?" आतोबा म्हणाले.

बाबा रेकॉर्डरकडे बघत म्हणाले, "नियम एकदाच म्हणायचा होता."

बाईंनी हळूच विचारलं, "हेही लिहू का?"

"लिहा," आतोबा म्हणाले. "फक्त साहेबांच्या नावावर नको, याच्या नावावर."